बाबेलच्या बाळाची नोंद

खबार कालव्याच्या काठी, बाबेलच्या मुलखात, एक म्हातारा गवई आपल्या नातीबरोबर राहत होता. यरुशलेम जळालं तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेनं वेढा घालून शहराला आधी उपाशी मारलं, मग तट फोडला आणि इ.स.पू. ५८६ च्या उन्हाळ्यात शलमोनानं बांधलेलं मंदिर पेटवून दिलं. जी माणसं कामाची वाटली त्यांना हाकत बाबेलला नेलं. चालत चार महिन्यांची ती वाट. मुलाचं घराणं आसाफाचं, म्हणजे मंदिरात स्तोत्रं गाणाऱ्या लेव्यांचं. त्याच्या बापानं घरातलं दुसरं काही उचललं नाही, वीणा तेवढी काखेत मारली.

हा म्हातारा आणि ही नात मी कल्पिलेली आहेत. त्यांचा मुलूख, त्यांची गीतं आणि त्यांच्यावर गुदरलेलं संकट मात्र खरं आहे. हद्दपार झालेले यहुदी तिथं कोठडीत नव्हते. त्यांना कालव्यालगतच्या जमिनी कसायला दिल्या होत्या. एका वस्तीचं नावच 'यहूदाचं गाव' असं पडलं होतं आणि तिथल्या व्यवहारांच्या मातीच्या पाट्या आज अभ्यासकांच्या हाती आहेत. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची, म्हणजे शहर पडल्यानंतर चौदा वर्षांची. त्यांत जव आहे, खजूर आहे, सारा आहे, उसनवारी आहे, साक्षीदारांची नावं आहेत. माणसं दिवसा शेती करत होती आणि रात्री पश्चिमेकडे तोंड करून बसत होती.

नातीला म्हाताऱ्यानं शहर शिकवलं ते गाण्यांतून. सकाळी कालव्यावर पाणी भरताना तो वर चढण्याची गीतं म्हणायचा. सणाला यरुशलेमच्या डोंगराकडे निघालेले यात्रेकरू गात त्या गीतांचा हा जुडगा, एकूण पंधरा. त्यांतल्या एकात यात्रेकरू वेशीत पाऊल टाकतो आणि थक्क होऊन उभा राहतो: घराला घर लागलेलं, सगळ्या वंशांची माणसं एका जागी आलेली, न्यायाची आसनं मांडलेली. मग तो त्या शहराला सुख मागतो, आणि कुणासाठी मागतो तर आपल्या भावांसाठी, सोबत्यांसाठी. नातीनं वेस पाहिली नव्हती, डोंगरही पाहिला नव्हता. बाबेलचा मुलूख सपाट, नजर जाईल तिथवर जवाची शेतं आणि पाट. तरी तिला त्या चढावर धाप लागायची.

संध्याकाळी विलापगीतं, जळालेल्या यरुशलेमवर रचलेली. ती पाच आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गीतात बावीस-बावीस कडवी, हिब्रूच्या बावीस मुळाक्षरांच्या क्रमानं बांधलेली. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन. आपली पोरं 'ग गणपतीचा' म्हणत अक्षरं गिरवतात, तशी नात आलेफपासून ताव्‌पर्यंत अक्षरं शिकली, पण प्रत्येक अक्षरामागे एक हुंदका होता. या रचनेमागे पाठांतराची सोय असेल. मला त्याहून मोठं कारण दिसतं. ज्याचं सगळं गेलं त्याच्या दुःखाला काठ नसतो, आणि कवीनं त्याला मुळाक्षरांचा काठ बांधून दिला. शेवटच्या अक्षरापर्यंत रडायचं, मग उठायचं. पाचव्या गीतात कडवी बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. तिथं कवीचाही काठ फुटला असावा.

त्या गीतांत शहर ही बाई आहे. काल राणी होती, आज विधवा होऊन एकटी बसली आहे. तिच्याकडे येणाऱ्या वाटा रडतात, कारण सणाला कुणी येत नाही. तिची लेकरं आईच्या मांडीवर भुकेनं मान टाकतात.

"आजोबा," नातीनं एकदा विचारलं, "आग बाबेलवाल्यांनी लावली ना? मग गीतात ती बाई आपलीच चूक का सांगते?"

"शत्रूवरचा रागही आहे त्यात. तू म्हणतेस की तीही कडवी. पण आपल्या याजकांनी आणि संदेष्ट्यांनी निरपराध माणसाचं रक्त सांडलं, तेही आहे. दुसऱ्याचा गुन्हा सांगायला गवई लागत नाही, बाळ. तो कुणीही सांगतो."

ही विलापगीतं आपल्यापासून दूर नाहीत. मंदिराच्या विनाशाचा दिवस म्हणून अव महिन्याच्या नवमीला जगभरचे यहुदी उपास करतात आणि जमिनीवर बसून ती वाचतात. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, या दिवसाला बिरड्याचा सण असं मराठी नाव होतं. उपास सोडताना वालाचं बिरडं खायचं म्हणून. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी बैल न जुंपणारी ही माणसं हजारो मैलांवरच्या एका शहरासाठी उपाशी राहत आणि शेजारपाजारच्या भाषेतच त्या उपासाला नाव देत. याकडे मी पुन्हा येईन.

म्हाताऱ्याच्या घरी वीणा खुंटीला टांगलेली असे. तिच्या तारा त्यानं काढल्या नव्हत्या, पण त्याला कुणी ती वाजवताना पाहिलं नव्हतं. त्यामागे एक गीत होतं, आणि ते त्याच नद्यांच्या काठी जन्मलं होतं. पकडून आणलेल्या गवयांना पहारेकऱ्यांनी सांगितलं, तुमच्या सियोनची, म्हणजे यरुशलेमची गाणी म्हणा, आमची करमणूक करा. गवयांनी वीणा वाळुंजाच्या झाडांना टांगल्या. परक्या भूमीत हे गाणं कसं म्हणायचं? यरुशलेमला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो, जीभ टाळूला चिकटो, अशी आण त्या गीतात आहे. वाजवणाऱ्याचा हात आणि गाणाऱ्याची जीभ. गवयानं आपलं सर्वस्व पणाला लावलं.

तिथंच ते संपलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं. ते तिथं संपत नाही. शेवटी बाबेलकडे वळून ते सूड मागतं, आणि बाबेलच्या तान्ह्या लेकरांपर्यंत जातं. ते कडवं मी इथं सांगत नाही. ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. म्हाताऱ्यानं नातीला गीत पूर्ण शिकवलं होतं, शेवटासकट.

शेजारी एक बाबेली कुटुंब होतं. कालव्याची झडप सांभाळणारा माणूस, त्याची बायको, सात वर्षांचा मुलगा आणि एक तान्हं. मुलं कालव्याच्या गाळात एकत्र खेळत. एक दिवस बाहुलीवरून भांडण झालं. मुलगा मोठ्या माणसांचं ऐकून म्हणाला, "तुमचं गाव आमच्या राजानं जाळलं. म्हण तुझं गाणं!" नातीनं म्हटलं. शेवटचं कडवं म्हटलं, आणि म्हणताना बोट त्याच्या घराकडे, तान्ह्याच्या झोळीकडे केलं.

आठ दिवसांनी तान्ह्याला ताप भरला आणि ते गेलं.

नात घरातून बाहेर पडेना. जेवेना. तिसऱ्या रात्री तिनं आजोबांना सगळं सांगितलं. "मी म्हटलं म्हणून झालं का?"

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गाण्यानं ताप येत नाही. या कालव्यावर दर उन्हाळ्यात लेकरं जातात, आपलीही गेलीत. पण तू बोट दाखवलंस. ते मी तुला शिकवलं नव्हतं, आणि दाखवू नकोस हेही शिकवलं नव्हतं."

"मग ते कडवं काढून टाकू या."

"नाही. ज्यानं ते म्हटलं त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं लेकरू मारलं गेलं होतं. त्याच्या तोंडातून तेच निघणार. पण ते त्यानं देवापुढं म्हटलं, बाळ. हातात दगड असताना तो देवापुढं गेला आणि तिथं ओरडला. त्या ओरडण्याचा दगड करून माणसावर फेकायचा नसतो."

मग त्यानं तिला एक पत्र सांगितलं. तो इथं येण्याआधीच एक जथा इ.स.पू. ५९७ मध्ये आणला गेला होता. त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून लिहून कळवलं होतं: घरं बांधा, मळे लावा, लेकीसुनांचे संसार मांडा, आणि ज्या नगरात तुम्हाला आणलंय त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी देवाजवळ मागा, कारण त्याच्या सुखात तुमचं सुख आहे. बाबेलसाठी प्रार्थना करा, असं सांगणारा हा माणूस स्वतः यरुशलेमसाठी रडून रडून थकलेला होता. परंपरा विलापगीतंही त्याच्याच नावावर ठेवते.

"आजोबा, गीत खरं की पत्र खरं?"

"दोन्ही आपल्याबरोबर आलीत. चल."

त्यानं वीणा खुंटीवरून काढली. ती त्याच्या हातात नातीनं पहिल्यांदाच पाहिली. दोघं शेजाऱ्याच्या अंगणात गेली. बाई भिंतीला टेकून बसली होती. नवरा उठून उभा राहिला, काय बोलावं त्याला सुचेना. म्हातारा खाली बसला, तारा लावल्या आणि पहिलं विलापगीत म्हणू लागला. पहारेकऱ्यांनी मागितलं तेव्हा त्याच्या बापानं गायला नकार दिला होता. इथं कुणी मागितलं नव्हतं. आलेफ, बेथ, गिमेल. दर कडव्यानंतर तो थांबायचा आणि अरामी बोलीत, जी त्या मुलखात सगळ्यांना समजे, अर्थ सांगायचा: एक बाई बसली आहे, रात्रभर रडते आहे, तिचं समाधान करणारा कुणी नाही.

बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्या देवळातही असं गातात."

खरंच गात. यरुशलेम पडण्याच्या सुमारे चौदाशे वर्षं आधी, त्याच दोन नद्यांच्या मुलखात, ऊर शहर उद्ध्वस्त झालं होतं आणि त्यावर सुमेरी भाषेत मोठा विलाप रचला गेला होता. त्यात ऊरची देवी निंगल आपल्या मोडलेल्या नगरासाठी आई रडावी तशी रडते. नगरं आणि देवळं बुडाल्याचे असे विलाप बाबेलच्या देवळांत खास पुजारी म्हणत. ज्या लोकांनी यरुशलेम जाळलं, त्यांच्या पूर्वजांच्या मुलखानंही जळालेल्या नगराचं रडणं ऐकलं होतं. आपल्यावर घाव घालणाऱ्याच्या घरातही विलापगीत असतं ही गोष्ट सहन करणं अवघड आहे. ज्यांचं नगर गेलं त्यांना तर फार अवघड. म्हाताऱ्याला ती त्या अंगणात कळली.

बाईनं तिच्या भाषेतला विलाप सुरू केला. म्हाताऱ्यानं वीणेवर साथ धरली. नात रडत होती, मुलगा रडत होता.

इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाचा राजा कोरेश यानं बाबेल घेतलं, आणि पुढं यहुद्यांना परत जाण्याची मुभा दिली. सगळे गेले नाहीत. दोन पिढ्यांचे मळे, विहिरी, थडगी सोडून कोण जाणार? बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात परतलेल्यांची गणती आहे: ४२,३६० माणसं, त्याशिवाय नोकरचाकर, आणि दोनशे गवई, पुरुष आणि बायका. आसाफाच्या घराण्याचे १२८. त्याच पुस्तकात एक गोष्ट सहज जाता जाता सांगितली आहे: निघणाऱ्यांच्या हाती आसपासच्या लोकांनी भांडी, जिन्नस, गुरं अशा भेटी दिल्या. शेजारणीनं नातीला तांब्याचा वाडगा दिला. "तू तिथं गाशील," ती म्हणाली, "तेव्हा एकदा माझ्या बाळाचं नाव घे." नातीनं हो म्हटलं आणि वाटभर त्या शब्दानं तिला झोप लागली नाही. शत्रूच्या लेकराचं नाव त्या पवित्र जागी कसं घ्यायचं?

चार महिने चालून ते पोचले. नातीनं गाण्यातलं शहर शोधलं. वेस नव्हती. तट ढासळून दऱ्यांत पडला होता. घराला घर लागलेलं कुठंच नव्हतं. काळ्या पडलेल्या दगडांतून झुडपं वर आली होती. "हेच का?" एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या वर्षी मंदिराचा पाया घातला. याजकांनी कर्णे फुंकले, आसाफाच्या मुलांनी झांजा वाजवल्या. तरुणांनी आनंदानं मोठा घोष केला, आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते मोठ्यानं रडू लागले. जल्लोष कुठला आणि आक्रोश कुठला हे कुणाला ओळखता येईना, असं एज्राचं पुस्तक नोंदवतं. पवित्र नगराविषयी इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. नात घोष करणाऱ्यांत होती, आजोबा रडणाऱ्यांत. तिला तो एकजीव झालेला आवाज ओळखीचा वाटला. तो तिनं खबारच्या काठी एका अंगणात ऐकला होता.

रात्री तिनं आजोबांना शेजारणीचं मागणं सांगितलं.

"कोरहाच्या घराण्याचं एक गीत आहे," म्हातारा म्हणाला. "गवयांचंच घराणं तेही. तुला शिकवायचं राहिलं होतं. छोटं आहे." आणि त्यानं ते म्हटलं. त्यात देव सियोनच्या वेशींवर प्रेम करतो. तो लोकांची नोंदवही लिहायला बसतो, आणि त्या वहीत तो कुणाकुणाची नावं सियोनमध्ये जन्मलेले म्हणून घालतो? मिसर, जिथं पूर्वज गुलाम होते. पलिष्टी, ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. सोर. कूश. आणि बाबेल.

"बाबेल?"

"बाबेल."

"म्हणजे ते बाळ..."

"वही तो लिहितो. आपण फक्त वाचून दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी पायाच्या दगडांपाशी नातीनं ते गीत गायलं, आणि बाबेलच्या नावापाशी थांबून एक लहानसं परकं नाव त्यात घातलं. शेजारी उभ्या असलेल्या काहींनी भुवया चढवल्या. म्हाताऱ्यानं वीणेवर साथ चालूच ठेवली.

ते मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पूर्ण झालं. तट मात्र सत्तर वर्षांनी यहुदी सुभेदार नहेम्या यानं बांधून घेतला, बावन्न दिवसांत. पुढं सन ७० मध्ये रोमी सेनापती तीतस यानं शहर पुन्हा जाळलं. त्या दुसऱ्या विनाशाचं कारण शोधताना तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या पंडितांनी रोमचं बळ पुढं केलं नाही. लोक शास्त्र शिकत होते, दानधर्म करत होते, तरी मंदिर गेलं, कारण त्यांच्यात विनाकारण द्वेष होता, असं त्यांनी लिहून ठेवलं. विलापगीतांतली ती बाई जसा आधी स्वतःचा हिशेब मांडते, तसाच हा.

आणि कोकणातले ते तेली. त्यांनी यिर्मयाचं पत्र शतकानुशतकं पाळलं, त्यातली अक्षरं माहीत नसतानाही. घरं बांधली, घाणे घातले, गावची भाषा आपली केली, आणि गावानं त्यांना त्यांच्या श्रद्धेपायी कधी छळलं नाही. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथं त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. एका पवित्र नगराची ओढ आणि दुसऱ्या भूमीचं प्रेम ही एकाच छातीत राहू शकतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आज यरुशलेमचं नाव घेऊन माणसं मरताहेत आणि मारताहेत. तीन धर्मांची माणसं त्या डोंगरावर जीव टाकतात, आणि प्रत्येकाजवळ सांगण्यासारखं खरं दुःख आहे. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आपल्याही गावांत पवित्र जागा आहेत, जुने घाव आहेत, आणि घाव उघडे ठेवणारी गाणी आहेत. म्हणून वाचकांना एक विनंती. स्तोत्रसंहिता मराठीत सहज मिळते. तिच्यातलं १३७ वं स्तोत्र, ते टांगलेल्या वीणांचं, आधी वाचा. नऊ कडवी आहेत. शेवटचं टाळू नका. मग पानं मागे उलटून ८७ वं, ते नोंदवहीचं, वाचा. त्यात सात आहेत. दोन्ही मोठ्यानं वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.